निकानोरचा पाय

उस्पायाता गावात निकानोर फारियासला नावानं कुणी हाक मारत नसे. अँडीजच्या दोन्ही बाजूंचे ट्रकवाले त्याला ‘कासव’ म्हणत, आणि तोही मान ताठ ठेवून ओ देई. आयुष्यभर त्यानं अर्जेंटिनाचा माल डोंगरापलीकडे चिलीत नेला. बर्फ पडलं की जवान पोरं भोंगे वाजवत त्याच्या पुढं निघून जात. कासव मागून येई. पण येई.

आता त्याचा गुडघा गेला होता. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी उभं राही. दारातला जुना निळा ट्रक कुणाच्या हाती द्यायचा, एवढंच ठरायचं होतं. चिलीतला त्याचा जुना सोबती सेफेरिनो गाडी घ्यायला केव्हाचा टपून होता. आणि घरात होती लेक, देल्फिना. मैदानातले रस्ते तिच्या हाताखालून गेले होते, पण डोंगरातला हिवाळा तिनं अजून चालवला नव्हता.

“एक फेरी तू चालव,” निकानोर म्हणाला. “मी शेजारी बसतो. पलीकडे उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. पण माझा पाय ब्रेक शोधत राहिला, तर गाडी सेफेरिनोची.”

“आणि पाय खोटं बोलला तर?”

“तोंड बोलेल खोटं, पोरी. पाय नाही बोलायचा.”

ही अट सेफेरिनोच्याही कानावर घालून, पिठाची पोती भरून दोघं निघाली. गावाबाहेर, वाळवंटात तहानेनं मेलेल्या दिफुन्ता कोर्रेआच्या देवळीपाशी देल्फिनानं पाण्याची बाटली ठेवली, सगळेच ठेवतात तशी. मग चढ लागला.

निकानोर काचेला डोकं टेकून बसला. प्रत्येक वळण ओळखीचं होतं. इथं एकदा खिंड बंद पडली, तेव्हा अडकलेल्या साऱ्यांनी मिळून मेंढी भाजली होती. तिथं त्या खडकाआड एकाची गिटार, दुसऱ्याची वाइन आणि सगळ्यांचं गाणं. आता त्यातले निम्मे मातीत गेले. एक रीत मात्र टिकून होती. डोंगर उतरून पलीकडच्या टपरीत जो पहिला पोचेल त्यानं यर्बाच्या कडू चहाची किटली चढवायची, आणि शेवटचा ट्रक दिसेपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही. निकानोरनं ती किटली कधीच चढवली नव्हती. त्याच्यासाठी ती नेहमी उकळत असायची.

बोगद्याच्या तोंडाशी लख्ख ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा खडखडीत. ट्रक न थांबता आत शिरत होते. देल्फिनानं मात्र गाडी कडेला घेतली.

मागून सेफेरिनो आला. काच खाली करून ओरडला, “काय ग, बिघडली का?”

“नाही काका. बर्फासाठी चाकांना साखळ्या चढवते.”

“उन्हात साखळ्या? अरे कासवा, पोरीला छत्रीपण दिलीस का?”

निकानोर ओठ घट्ट मिटून बसला.

“या सावकाश! किटली चढवतो मी!” आणि सेफेरिनो गेला.

देल्फिना खाली उतरली ती बोगद्यातून येणाऱ्या ट्रकांकडे पाहत. त्यांच्या चाकांवरच्या पत्र्याला ओलं, ताजं बर्फ चिकटलं होतं. अलीकडचं ऊन पलीकडच्या आभाळाचा भरवसा देत नाही, आणि बोगद्यापलीकडे थांबायला जागा नाही. निकानोरनं हे तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी त्याच्या शेजारी बसून तिनं तो कुठं बघतो ते पाहिलं असावं.

बोगदा संपला आणि जग पांढरं झालं. खाली वळणांवर वळणं, एकाखाली एक टाकलेल्या दोराच्या वेटोळ्यांसारखी. पहिल्या वळणाला निकानोरचा उजवा पाय ब्रेक शोधत खालच्या फळीत रुतला. दुसऱ्याला पुन्हा. देल्फिनानं तिरक्या नजरेनं ते पाहिलं. ज्या गिअरात चढली असती त्याच गिअरात ती उतरत होती, ब्रेकला जवळजवळ न शिवता, पुढच्या गाडीला भरपूर अंतर सोडून.

मधल्या एका वळणावर लाल दिवे दिसले. सेफेरिनोचा ट्रक कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभा होता. तो स्वतः गुडघ्यांवर बसून, गारठलेल्या बोटांनी साखळी ओढत होता. तिला पाहताच ओरडला, “थांबू नकोस! उतारावर थांबलीस तर तूही येशील माझ्या शेजारी!”

ती थांबली नाही, तिनं घाईही केली नाही. चाकं कुरकुरत त्याला वळसा घालून पुढं गेली. खालच्या वळणांवर पुढं गेलेले बाकीचे ट्रकही तसेच अडकले होते; तेही एकेक करून मागं पडले.

बऱ्याच वेळानं निकानोरला काही आठवलं म्हणून त्यानं खाली पाहिलं. पाय नुसताच पडला होता, उन्हात झोपलेल्या कुत्र्यासारखा. मग त्यानं काच पुसली. खाली नदी काळ्या रेघेसारखी उतरत होती आणि समोरच्या कड्यावर ढग फाटत होता. इतक्या हिवाळ्यांत त्यानं तो कडा कधी पाहिलाच नव्हता. नजर सदा रस्त्यावर.

टपरीत कुणीच नव्हतं. देल्फिनानं शेगडी पेटवली, किटली चढवली. एकेक ट्रकवाला येऊन हात शेकत बसला. कपाला कुणी हात लावला नाही. किटलीत दोनदा पाणी घालावं लागलं, तेव्हा कुठं सेफेरिनो आला, नाक लालबुंद.

“किटली कुणी चढवली?”

“कासवानं,” कोपऱ्यातून कुणीतरी देल्फिनाकडे बोट दाखवत म्हणालं.

सेफेरिनोनं टोपी काढून झटकली. “बरं. मग निकानोर, गाडीचं काय ठरलं? पाय काय म्हणतो?”

“काय म्हणणार?” निकानोरनं पहिला कप त्याच्या गोठलेल्या हातात दिला. “तुझ्या वळणापाशीच झोपला रे.”