अण्णा पायरीवर उभे होते

यशवंतपूरला रेल्वेच्या रुळांजवळ आम्ही भाड्यानं राहत होतो. दारंखिडक्या लावल्या तरी इंजिनांची काजळी आत यायची आणि सगळ्यांत आधी अण्णांच्या फोटोंवर बसायची. अण्णा म्हणजे माझे वडील. फोटो होते त्यांच्या लहानशा गावातल्या इमारतींचे: चावडी, वाटसरूंसाठी बांधलेलं छत्र, मठ, कौलारू शाळा, पेठेतली घरं. आमच्या दोन खोल्यांत माणसांना पाठ टेकायला भिंत नव्हती, पण या इमारतींना होती. पुसायचं काम माझं. सकाळी पुसून ऑफिसला जावं, तर संध्याकाळी बोट फिरवलं की काळं. ज्या गावात मी धड राहिलेही नव्हते, त्या गावाचा मला अगदी वीट आला होता.

आत्याच्या लग्नासाठी गावात शहरातून फोटोवाला बोलावला होता. लग्न आटपल्यावर त्याच्याजवळ फोटो घ्यायच्या थोड्या काचा उरल्या. त्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून अण्णांनी त्याला गावभर फिरवलं. स्वतःच्या घराचा फोटो काढताना मात्र ते दारातल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. डोक्याला पागोटं, हातांची घडी, जसं काही घर यांनीच बांधलंय! ते घर पुढे अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नात विकलं गेलं. मग अण्णा गावी गेलेच नाहीत. "आपलंच घर परक्यासारखं रस्त्यावरून बघू काय?" म्हणायचे.

म्हणून दर श्रावणात कुलदेवीला नारळ वाहायला मी जायची. बसच्या धक्क्यांनी अंग आंबून घरी परतले, की हातपाय धुवायच्या आधी अण्णांचा प्रश्न तयार असायचा, "काय काय राहिलंय?"

पहिल्यांदा छत्र पडलं, रस्ता रुंद करताना. मी सांगितलं.  पितृपक्षात आजोबांच्या फोटोला गंध लावून झाल्यावर अण्णांनी छत्राच्या फोटोलाही लावलं. दाराच्या बरोबर वर, कपाळ असावं तिथं.

आई म्हणाली, "अहो, दगडमातीला कुणी गंध लावतं काय?"

"गेलं ना ते? सरी तर मग." अण्णांच्या बोलण्यात 'ठीक'ला नेहमी कानडी 'सरी'च यायचं.

पुढे चावडी गेली. मठाच्या जागी भाताची गिरणी आली. पेठेतली घरं तर एकापाठोपाठ एक गेली. गंध लागलेले फोटो वाढत चालले आणि दर वर्षी मरणाची बातमी घरी आणणारी मीच. गावच्या तळ्याकाठी बस वळली की मी खिडकीतून मान बाहेर काढायची. आमचं घर असेल ना? विकलेलं होतं, परक्याचं होतं, सगळं खरं. पण त्या एका फोटोची काच कोरी होती, तोवर अण्णांचंही काहीतरी शाबूत आहे असं मला वाटायचं.

त्या वर्षी घर नव्हतं. दगडी पायरी तेवढी उरली होती आणि तिच्यावर मजूर विड्या ओढत बसले होते. मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी दमले होते. परतीच्या बसमध्ये कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत राहिले. एकही धड जुळलं नाही.

दार अण्णांनीच उघडलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऊन फार लागलं काय गं? स्वल्प पड जा." नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. सुटले बाई, असं मला वाटलं.

पितृपक्ष आला. मी सगळे फोटो पुसले. अण्णांनी गंध उगाळलं, आजोबांना लावलं, छत्राला, चावडीला, मठाला लावलं. मग आमच्या घराच्या फोटोपाशी थांबून त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "तू लाव. शेवटचं तू बघून आलीस."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय हे अभद्र! त्यात तुम्ही उभे आहात. जिवंत माणसाच्या फोटोला गंध लावतात काय?"

नाहीच लावत. अण्णांना ते काय सांगायला हवं होतं? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. मग त्यांनी फोटो पुन्हा खिळ्याला टांगला.

"सरी. दाराच्या वरती लाव," ते म्हणाले. "मला लागू देऊ नको."

 करंगळीच्या टोकानं मी दाराच्या वर ठिपका टेकवला. गंध पातळ झालं होतं. काचेवरून ते ओघळलं, चौकटीवरून खाली, सरळ पायरीकडे. हातांची घडी घालून उभ्या असलेल्या त्या तरुण माणसाच्या पागोट्याला लागायच्या आत मी ते पदरानं टिपलं आणि काच पुसतच राहिले.