दवाखान्यातले नग

"डॉक्टर चोपडे तासाला अठरा, फणसेबाई तासाला सात." मी कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. साहेब खूश झाले.

"मग बाईंचा पगार कापा!"

ठाण्याच्या एका गिरणीत मी टाइमस्टडी क्लार्क होतो. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभं राहायचं, त्याला कामाला किती वेळ लागतो ते टिपायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या. सगळी खाती मोजून झाल्यावर साहेबांची नजर गिरणीच्या दवाखान्याकडे वळली. तिथे दोन डॉक्टर. साहेबांनी ठरवलं, जो जास्त पेशंट तपासेल त्याला जास्त पगार. साहेबांच्या लेखी कापडाचा ताका काय नि माणूस काय, दोन्ही नगच.

चोपडे वेगवान होते, यात वाद नाही. पेशंट दारात दिसला की कंपाउंडरला ओरडायचे, "लाल मिक्श्चर!" नाडी बघायला वेळ कुणाला? फणसेबाई मात्र पेशंटला बसवायच्या, जीभ बघायच्या, घरी काय खाल्लं ते विचारायच्या. किती हा वेळेचा अपव्यय!

"पगार कापला तर मी निघाले," बाईंनी मला शांतपणे सांगितलं. मला लाज वाटली. आकडे माझेच होते.

दुसऱ्या दिवशी मानपाड्याच्या बारकू नावाच्या कामगाराने मला खात्यातच गाठलं. "ओ घड्यालवाले, बाईनी माजा हात एकाच फेरीन बरा केला. आता तुमचा आकरा वारवाला मी परत कनाला येऊ?"

माझा आकडा वाढवायला त्याने परत कशाला यावं, असा त्याचा सवाल होता. 'परत' म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. गिरणीत नियम होता, तपासणीतून खोट निघून परत आलेला ताका विणणाऱ्याच्या कामातून वजा. नियम खुद्द साहेबांचा. मी दवाखान्याचं रजिस्टर काढलं आणि त्याच दुखण्यासाठी परत आलेले पेशंट वजा केले. बाईंचे सातातले सहा उरले. चोपड्यांचे अठरातले चार.

साहेब भडकले. "माणूस म्हणजे काय ताका आहे?"

"नाही साहेब. पण नियम आपला आहे."

"आणि हे वजा केलेले कोण?"

मी रजिस्टर पुढे सरकवलं. खोकल्यासाठी चोपड्यांकडे नऊ वेळा परत आलेले गृहस्थ साहेबच होते.

बाईंचा पगार वाचला. दवाखान्याची मोजणी त्याच दिवशी बंद झाली. साहेबांचा खोकलाही लवकरच गेला, कारण ते गुपचूप बाईंकडे जाऊ लागले होते. मी एवढंच शिकलो, की वरिष्ठांना मोजणीतली चूक दाखवायची असेल तर आधी त्यांनाच मोजावं.