पट्ट्यापट्ट्यांचा गहू

लोकांच्या शेतात खत आणि चुना पसरून द्यायचा, हा त्याचा धंदा. ट्रॅक्टरमागे गाडा आणि गाड्याच्या शेपटाला गरगर फिरत खत उडवणाऱ्या दोन चकत्या. चुन्याच्या दिवसांत स्वारी अशी पांढरीफटक होऊन घरी यायची की घरचं कुत्रंसुद्धा आधी भुंकायचं आणि मग ओशाळायचं. सगळे त्याला पांढऱ्याच म्हणत. कामाला मात्र चोख. काम सुरू करण्याआधी शेतात आडवे ट्रे मांडायचा, त्यांच्यावरून एकदा गाडा न्यायचा आणि सगळ्या ट्रेंत सारखे दाणे पडलेत का ते वाकून बघायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "आज काही दिसत नाही हो. महिन्याभराने अख्ख्या जगाला दिसतं!"

आणि हाच शहाणा वहिनींच्या शेतात ट्रे न मांडताच घुसला. का, तर घरचंच शेत! डाव्या चकतीचं पातं झिजलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पुढे दुसरं गिऱ्हाईक वाट बघत होतं. चालून जाईल, म्हणाला.

कसलं चालतंय! गहू वर आला तो खत पडलेला एक पट्टा हिरवागार, न पडलेला एक पिवळा, पुन्हा हिरवा, पुन्हा पिवळा. त्यात शेत नेमकं रस्त्याला लागून. थोरला भाऊ, दादा, वारल्यावर वहिनींनी पहिल्यांदाच स्वतः पेरणी केली होती, त्यामुळे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं.

वेल्डिंगच्या दुकानात तर लोकांना विषयच मिळाला. "बाईंनी गहू पेरलाय की सतरंजी विणलीय?" मोठा बागाईतदार म्हणाला आणि सगळे खो खो हसले. पांढऱ्याही हसला. तोंडात मिठाची गुळणी धरून बसला असता तरी एक वेळ समजलं असतं. पण हा हसला!

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, जमीन कसायला देऊन टाकते. पेरणीयंत्राची नळी तुंबलेली मला कळली नाही, मी काय शेती करणार? कुणी असेल तर बघा." तो नुसता हं हं करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

सकाळी उठून तो त्यांच्याकडे गेला. वहिनी अंगणात पेरणीयंत्राच्या सगळ्या नळ्या काढून तारेने एकेक साफ करत बसल्या होत्या. मुळात स्वच्छच असलेल्या नळ्या! ते बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, नळ्या राहू द्या. चूक माझी आहे. माझं पातं झिजलेलं होतं. ट्रे मांडले नाहीत."

त्यांचा हात थांबला. "लोक दुकानात हसतात म्हणे."

"हो."

"तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

"हसलात?"

त्याची मान काही वर होईना. त्या म्हणाल्या, "मग मला कशाला सांगताय? तिथे जाऊन सांगा."

तो गेला. दुकान भरलेलं होतं. "ते पट्टे वहिनींचे नाहीत, माझे आहेत," म्हणाला, तर लोकांना वाटलं गंमत करतोय आणि पुन्हा हशा पिकला. तेव्हा त्याने चकतीवरून सोडवून आणलेलं झिजकं पातं खिशातून काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. वेल्डरने ते उचलून पाहिलं आणि एकेकाचं हसू विरलं. बागाईतदार उठता उठता म्हणाला, "माझं उद्याचं काम राहू दे रे." पांढऱ्या बरं म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय?

परत आला तेव्हा वहिनी नळ्या यंत्राला जोडत होत्या. त्याने न विचारताच शेवटची नळी धरून दिली.

"जमीन देत नाही मी कुणाला," त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "पुढच्या वर्षी खत टाकायला तुम्हीच या. पण ट्रे मी मांडणार, आणि बघणारही मीच."