हिरवी वायर

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार कधी गप्प बसत नाही. तुम्ही वाजवा, न वाजवा, जोडलेल्या अँपच्या स्पीकरमधून तिची घरघर सुरूच असते. माझी गिटार गप्प बसावी म्हणून मी एक उद्योग केला आणि त्यात माझी आई जाता जाता राहिली. घरात हे अजून कुणाला माहीत नाही.

मी नांदुऱ्याला शाळेत मराठी शिकवतो आणि राहतो पिंपळगाव राजाला. चाळिशी ओलांडल्यावर मला गिटारचं खूळ लागलं. मोबाइलवरून मागवलेली लाल गिटार घरी आली, तेव्हा बायकोने आधी तिच्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि आत गेली. आईने मात्र खोकं जपून ठेवलं, नाही जमलं तर परत करता येईल म्हणून.

गिटार दिसायला देखणी, पण कामाला अगदीच टाकाऊ. तारा इतक्या उंच की बोटांना चिरा पडत. मग मी तिला सुधारायला घेतलं. आधी तारा बदलल्या, मग सैल खुंट्या, मग तारांखालचे पिकअप. खामगावच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने मला सोल्डर करायला शिकवलं. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टीसुद्धा लावून झाली. दर वेळी सूर थोडा सुधारायचा आणि घरघर तेवढीच राहायची. मला संताप यायचा. दहावीचा अख्खा वर्ग मी नुसत्या नजरेने गप्प करतो आणि ही लाकडाची फळी मला जुमानत नव्हती.

मे महिन्याच्या सुटीत एका व्हिडिओत कळलं की दोष गिटारचा नाहीच. अँप बैठकीतल्या बोर्डावर होता आणि साथीला ताल वाजवणारा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीच्या बोर्डावर. दोन्हींची अर्थिंग एकमेकांत अडकली की घरघर येते, एकाची काढून टाका, असं तो माणूस हसत हसत सांगत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, असं चुकूनही करू नका. ते मी वाचलं आणि पुढे सरकलो. अँपचा प्लग उघडता येत नव्हता. म्हणून मेन स्विच पाडून मी बोर्डाचंच झाकण काढलं, अर्थिंगची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर स्क्रूतून सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळून आत दाबून टाकली.

घरघर थांबली. मी एक तार छेडली आणि सूर स्वच्छ निघाला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार आनंद झाला. आईला हाक मारून ऐकवलं. छान आहे म्हणाली आणि कुलरमध्ये पाणी टाकायला उठली. आमचा लोखंडी कुलर त्याच बोर्डावर होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुलरचा थोडाफार करंट सगळेच सोसतात. रबरी चप्पल घालायची, उलट्या हाताने पत्र्याला चाचपून पाहायचं आणि मग पाणी भरायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे आठवड्याभरात आई म्हणाली, "बाबू, कुलर लय झिणझिणून राह्यला रे," तेव्हा मी वाजवणं न थांबवता तिला चप्पल घालायला सांगितलं. "हाव रे," म्हणाली बिचारी. पण मला तेव्हाच ती हिरवी वायर आठवली होती. मी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा. उद्या उघडू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. खोलीतली ती शांतता आता मला नकोशी वाटायला लागली होती, तरी मला ती सोडवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाजवत असताना मागे बादली पडली. वळून पाहिलं तर फरशीभर पाणी, आईचा हात पत्र्याला चिकटलेला आणि तोंड उघडं, पण आवाज नाही. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तशी ती खाली कोसळली. श्वास चालू होता. बायकोने शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि आईला खामगावला दवाखान्यात नेलं. दारं लावून मागोमाग येतो, असं सांगून मी घरी थांबलो. आधी बोर्ड उघडला. हिरवी वायर जागेवर बसवली, झाकण लावलं आणि मग आईकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. कुलरच्या पंपात पाणी शिरलं होतं, हे त्याला लगेच सापडलं. मग त्याने बोर्ड उघडला आणि एकेक वायर ओढून पाहिली. "अर्थिंग तं बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "मंग फ्यूज काऊन नाही उडाला?" मी म्हणालो, काय माहीत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सामान आवरलं.

आई वाचली. उजव्या तळव्याला भाजल्याचा डाग राहिला, दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते की चूक तिचीच, बटन बंद न करता ओला हात लावला. बायको तिला प्रेमाने रागावते. मी समोर बसलेला असतो. खूपदा जिभेवर येतं, पण ती इतक्या खात्रीने सांगत असते की मी मान खाली घालून ऐकून घेतो.

आता प्लास्टिकचा कुलर आणलाय. तरी पाणी टाकायची वेळ झाली की ती बादली घेऊन दूर उभी राहते आणि मला हाक मारते.

"बटन तूच बंद कर, बाबू. मले माह्या हाताचा भरवसा नाही राह्यला."

मी उठतो आणि बटन बंद करतो.