आपांची लसूण-मिरची

आपा फोनवर आधी रागवायच्या, मग नाव सांगायच्या. "कावून बे, फोन उचलाले मुहूर्त पायजे का तुले?" ही त्यांची सुरुवात. मग पलीकडे सरकारी साहेब असो की पानठेलेवाला. अकोल्यातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून त्या आमच्या रक्तदात्यांच्या गटाचं काम चालवत. त्यांच्याइतकी तापट बाई मी दुसरी पाहिली नाही.

दात्यांची माहिती त्यांनी दुकानातल्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर, डेटाबेसमध्ये भरली होती. कोणाचा रक्तगट कोणता, मागचं रक्त कधी दिलं, रोजे कोणाचे, कापूस वेचणीत फोन कोण उचलत नाही, सगळं. एकदा कुण्या गिऱ्हाइकाने त्यातलं अर्धंअधिक उडवलं. तेव्हापासून डेस्कटॉपवर त्यांनी नुसती फाइल ठेवली आणि तिच्यातले तक्ते भलत्याच फोल्डरमध्ये दडवले; फाइल तिथूनच नावं ओढून दाखवायची. "लोकायले दरवाजा दाखवा, तिजोरी नाई," म्हणायच्या.

आजारी पडल्या तेव्हा मी अमरावतीहून भेटायला गेले. त्यांनी उशाखालून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात कोंबला. "सगळं याच्यात हाय. आता तू सांभाळ." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. मोर्शीच्या एका पोरीला अमरावतीच्या दवाखान्यात ओ निगेटिव्ह रक्त लागलं, म्हणून मी फाइल उघडली. आत तक्ता एकही नाही. डी ड्राइव्हवरचं 'लसूण-मिरची' नावाचं फोल्डर सापडत नाही, एवढाच निरोप. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नसतोच, मी आणू कुठून? पोरीचा बाप सारखा फोन करत होता आणि या बाईने मला रिकामा दरवाजा दिला होता. दुसऱ्यांपासून दडवता दडवता स्वतःच विसरली. गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी मनसोक्त दिल्या.

लॅपटॉप घेऊन तशीच अकोल्याला निघाले. दुकानात त्यांचा भाचा कॉम्प्युटर साफ पुसून विकायच्या तयारीत बसला होता, त्यालाही झापलं. डी ड्राइव्हवर लसूण-मिरची जागच्या जागी होती. अख्खं फोल्डर लॅपटॉपवर घेतलं, फाइलला त्याचा नवा पत्ता दिला, तेव्हा कुठे नावं दिसली.

पहिला फोन मूर्तिजापूरच्या गजाननला केला. नमस्कार वगैरे करून मी आपा गेल्याचं सांगितलं आणि विनंती केली. त्याला ते खरंच वाटेना.

"मॅडम, असे फोन लय येते. आपाच्या इथून असता तं पयले शिव्या बसल्या असत्या," म्हणाला आणि फोन ठेवायला निघाला.

माझं डोकंच फिरलं. "कावून बे, पोरगी तिकडं पांढरी पडून राह्यली अन् तुले ओळख पायजे का? गाडी काढ मुकाट्यानं."

पलीकडे किल्ल्यांचा आवाज आला.

"निघालो, आपा."