कुर्लीची चाकं

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको वर्गात फळ्यापाशी पडली. अकराला डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि ती गेली म्हणून सांगितलं.

ती आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवत होती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आम्हाला मूल नाही. त्या दिवशी ती बूट घालून कामावर गेली होती, कारण वर्कशॉपमध्ये बूट लागतात. घरातल्या चपला दाराशी होत्या.

मागच्या पडवीत टेबलावर कुर्ली होती. कुर्ली म्हणजे आमचा झुंजीचा रोबो. काही कॉलेजांतून अशा झुंजी होतात. लोखंडी तळाच्या पिंजऱ्यात दोन रोबो सोडतात आणि तीन मिनिटांत एकाने दुसऱ्याला बंद पाडायचं असतं. तिने ते एकदा विद्यार्थ्यांबरोबर जाऊन पाहिलं आणि घरी येऊन पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "ह्या आपणाक जमतला."

भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या दोन पाटांतून तिने अंग कापलं. रान काढायच्या मशीनचं जुनं पातं तासून पुढे बसवलं. सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत ठेवायचं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला काटा दोन वर्षं पडवीतच राहिला. चाकांच्या दोन मोटरींपैकी एक जरा मंद होती, त्यामुळे सरळ सोडलेला रोबो तिरका जाई. त्यावरून कुर्ली, म्हणजे खेकडा. पुढे तिने ती मोटर बदलली, पण नाव राहिलं.

माझं काम धरण्याचं. ती स्क्रू काढायची आणि मी धरायचो. एका हातात स्पर्धेची नियमावली असायची.

"तुमका धरूक सांगलंय, वाचूक नाय," ती म्हणायची.

पहिल्या स्पर्धेला आम्ही कोल्हापूरला गेलो, ती जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात. पिंजऱ्याच्या दाराशी उभं राहून तिने सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी कुर्ली घाट चढान इली हा. तिची चाका फिरू देत, आनी समोरच्याची अडकू देत रे म्हाराजा!" भोवतालची पोरं हसायला लागली. "व्हय म्हाराजा," मी हळू आवाजात म्हणालो.

चाकं फिरली, पण जागच्या जागी. बाजारातून आणलेली गुळगुळीत चाकं लोखंडावर घसरत राहिली आणि समोरच्या रोबोने कुर्लीला ढकलत कोपऱ्यात नेऊन बसवलं. परतताना फोंडाघाट उतरलो. कणकवलीत चहाला थांबलो, तेव्हा तिने पायातली रबरी चप्पल काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाईनू, लोका खातत थंय," हॉटेलवाला म्हणाला.

"पुसून घेवा मगे. पण ही पकड बघलात?" तिने अंगठ्याने तळवा दाबून दाखवला.

घरी आल्यावर तिने गोल करवतीने प्रत्येक चपलेच्या टाचेतून आणि पुढच्या भागातून असे दोन गोल तुकडे कापले. दोन चपलांची चार चाकं झाली. दोन कुर्लीला बसवली, दोन डब्यात जादा ठेवली. जुन्या कपाटाचं लोखंडी दार घरापुढच्या खळ्यात आडवं टाकून त्यावर कुर्ली सोडली. समोर नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, ठेवली होती. कुर्ली त्यांना ढकलत दाराच्या टोकापर्यंत गेली. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग बाजारात जाऊन त्याच जातीच्या नव्या चपला आणल्या. "हेंची पण चाका करूची आसत," ती म्हणाली. "जपून घालतंय."

त्याच चपला दाराशी होत्या.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आमचे शेजारी मासेमारी करतात. पावसाळ्यात होडी वर ओढली की ते इंजिन काढतात, गोड्या पाण्याने धुतात, तेल लावून बांधून ठेवतात. मी पुस्तकं हाताळतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. पडवीत कुर्लीकडे बघून ते म्हणाले, "मास्तरानू, ता मशीन उघडा ठेवू नकात. खारो वारो खावन टाकतलो. तेल चोळा, गुंडाळा नि ठेवा."

मी त्यांच्याकडून इंजिनाचं तेल आणलं. दुपारभर बसून चोळलं. पातं, स्क्रू, मोटरींची टोकं. काही राहून जाऊ नये म्हणून चाकंही चोळली. डब्यातली दोनसुद्धा. मग तिच्या सुती साडीच्या फडक्यात सगळं गुंडाळून कपाटात ठेवलं. त्या पावसाळ्यात दुसरं कोणतंही काम मी इतकं नीट केलं नाही.

दिवाळीआधी स्पर्धेच्या आयोजकांकडून निरोप आला. तिने मे महिन्यातच नाव नोंदवलं होतं, आणि आमचा संघ येणार का असं ते विचारत होते. मी "येतो" असं लिहिलं. ही चाकं पिंजऱ्यात एकदा चालायला हवीत, एवढंच डोक्यात होतं.

फडकं सोडलं. लोखंडाला कुठे गंज नव्हता. चाकं फुगली होती. अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहत होता. रबर बाजूच्या पाटाला घासून अडकत होतं. डब्यातली दोन एकमेकांना चिकटली होती.

शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

"चाकांक पण चोळलात? रबराक तेल कोण लायता?"

"तुम्हीच म्हणालात तेल चोळा."

"मी मशीनीक सांगलंय! इतकी पुस्तका वाचलात मास्तरानू, एकान तरी सांगूचा होता!" ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. मग त्यांनी आपल्या चपला काढून टेबलाजवळ ठेवल्या. "माझी घेवा. माझो पाय मोठो, चार चाका आरामात सुटतली."

ते अनवाणी घरी गेले. मी त्यांच्या चपलांची चाकं कापली. खाऱ्या पाण्याने त्यांचं रबर कडक झालं होतं. कपाटाच्या दारावर कुर्ली पुन्हा तशीच घसरू लागली, कोल्हापूरसारखी. बाजारात तिच्या होत्या तसल्या चपला शोधल्या. दुकानदार म्हणाला, आता त्या येत नाहीत.

स्पर्धेला पाच दिवस उरले होते. दाराशी जाऊन मी तिच्या चपला उलट्या करून बघितल्या. जपून घातल्यामुळे खालची नक्षी अजून शाबूत होती. टाचेपाशी जरा झिजलं होतं. एकीतून दोन चाकं निघतात, हे मला माहीत होतं. मी उजवी उचलली. ती रविवारची सकाळ होती. चप्पल एका हाताने धरली आणि दुसऱ्याने करवत चालवली. दोन चाकं निघाली. पट्टा आणि दोन गोल भोकं असलेला तळवा उरला.

रिमोट मी कधी हातात घेतला नव्हता. रोज संध्याकाळी खळ्यात सराव केला. शेजारी सोडणं मांडत आणि मी हरलो की सोडणाच्या बाजूने ओरडत.

कोल्हापूरला ते माझ्याबरोबर आले. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने यादी पाहून विचारलं, "चालक म्हणून यांचं नाव आहे. त्या आल्यात का?"

"नाही. मी चालवणार."

"मग नाव बदलावं लागेल, सर." तिने ते नाव खोडलं आणि शेजारी माझं लिहिलं.

गाऱ्हाणं कोणी घातलं नाही. कुर्ली पिंजऱ्यात सोडली. समोरचा रोबो धावून आला आणि कुर्लीला भिडला. तो ढकलत होता, पण कुर्ली मागे सरकली नाही. मी रिमोटची काडी पुढे केली आणि ती त्याला ढकलत मधल्या रेघेपलीकडे घेऊन गेली. "धरा मास्तरानू, धरा तेका!" शेजारी पिंजऱ्याच्या भिंतीवर हात आपटत होते. दुसऱ्या मिनिटाला समोरच्याचा घाव बसला आणि कुर्लीचं पातं फिरवणारा पट्टा तुटला. पातं थांबलं. उरलेला वेळ मी तिला नुसती चालवत राहिलो. पंचांनी निकाल समोरच्याला दिला.

चाकं घसरली नव्हती. परतताना कणकवलीत शेजाऱ्यांनी दोन चहा सांगितले. आम्ही ते प्यायलो.

कुर्ली पडवीत टेबलावर आहे. पात्याचा पट्टा मी अजून बदललेला नाही. लोखंडाला तेल लावतो, चाकांना लावत नाही. दाराशी एक चप्पल आहे, डाव्या पायाची.