बटणनानांचं बटण

बटणनाना बोलायला लागले की ऐकणारा नकळत एक पाऊल मागे सरकायचा. मग नाना एक पाऊल पुढे यायचे. असं करत करत माणूस भिंतीला टेकला की ते मुद्द्यावर यायचे. समोर उरायचा फक्त तंबाखूचा वास आणि जाड चष्म्यामागचे दोन रोखलेले डोळे. मी एकदा त्यांना हे तोंडावर सांगितलं. "अरे, माणसाशी बोलायचं तर माणूस दिसायला नको?" असं म्हणून ते आणखी पुढे आले.

धुळ्यात बाजाराला लागून त्यांचा स्टुडिओ होता. रंगवलेल्या काश्मीरपुढे नवराबायकोला उभं करायचं काम पोटासाठी, जीव मात्र रस्त्यावर. गळ्यातल्या कॅमेऱ्याला एकच लेन्स, आणि ती इतकी चपटी, की कोटाला बटण लावावं तशी दिसायची. त्यावरून हे नाव पडलं. जवळ गेल्याशिवाय त्या लेन्समधून काही धड यायचं नाही, म्हणून ती नानांनाच शोभायची. "ज्याला 'काय भाऊ' म्हटलेलं ऐकू जाईल, त्याचाच फोटो काढायचा," हा त्यांचा नियम होता.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो आणि फोटोचं वेड नवंनवं होतं. मला हवी होती हातभर लांबीची झूम लेन्स. नाना मला एसटीत घालून जळगावच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने काचेवर तीन लेन्स मांडल्या : झूम, नेहमीची पन्नास मिलिमीटरची आणि एक चपटी. नानांनी झूम माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि मला बाहेर पिटाळलं. फूटपाथवर एक केळीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. माझी तोफ पाहून त्याने हुज्जत सोडली, टोपी सारखी केली आणि शाळेतल्या तपासणीला उभा राहावा तसा ताठ झाला. पन्नासची लावून गेलो तर चेहरा झकास आला, पण केळी, गाडी, गिऱ्हाईक सगळं कापलं गेलं. शेवटी चपटी लावली. केळीवाल्याने एकदा बघितलं, "कोठला शेतस तुम्ही?" असं गाव विचारलं आणि परत भांडायला लागला. दारातून नाना ओरडले, "झालं! हीच घे. झूम तुझ्या पायात आहे, कारकून. चालायला शीक."

ती लेन्स मी घेतली. अजून माझ्याकडे आहे.

आता पुढचं सांगायचं तर आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. साध्या माणसाचा फोटो तेव्हा निघायचा तो लग्नात, तोही घोळक्यात डोळे मिटलेला. माणूस गेला की भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून घरात शोधाशोध व्हायची. मग कुणाला तरी आठवायचं, बटणनानांनी बाजारात काढला होता. नाना निगेटिव्ह शोधून तेवढा चेहरा मोठा करून द्यायचे. जवळून काढलेला, त्यामुळे चेहरा स्वच्छ यायचा, डोळे तर बोलायचेच. घरचे त्यावर हार घालायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. जिवंत माणसांचे शेकडो फोटो नानांच्या पत्र्याच्या डब्यांत पडून राहिले आणि बाजाराला दिसले ते फक्त हारातले. बाजाराने त्याचा अर्थ सरळ लावला : नानांनी फोटो काढला की माणसाचा जीवही काढला. "बटणनं काढं, म्हणजे काढंच," असं कुजबुजत बोललं जाऊ लागलं.

मी हसलो होतो. नाना हसले नाहीत. त्यांना ते आधीच जाणवलं होतं. पूर्वी कॅमेरा वर गेला तरी लोक बोलत राहायचे, आता पदर पुढे यायचा, टोपी खाली ओढली जायची. भरताची वांगी विकणारी गंगूअक्का तर त्यांची रोजची थट्टेची मैत्रीण. तिनेही तोंडापुढे तराजूचं पारडं धरलं. "मना नका काढू, नाना. मनी पोरनं लगीन बाकी शे." नानांनी कॅमेरा खाली घेतला. त्या दिवशी ते माझ्याशी बोलताना दोन हात लांब उभे राहिले आणि मला भीती वाटली.

समोरचा चहावाला दगडूभाऊ हा त्यांचा जिवलग. त्याला या बोलण्याचा संताप आला. भर दुपारी, टपरी भरलेली असताना, सगळ्यांना दिसावं म्हणून तो छाती काढून उभा राहिला. "नाना, काढ मना! बठ्ठासले दिसू दे!" नानांचा हात कॅमेऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. मी तिथेच होतो. "काढ ना, घाबरना का?" दगडूभाऊ हसला आणि त्या हसण्यावर नानांनी बटण दाबलं.

पावसाळ्याआधीच दगडूभाऊ गेला. त्याचं छातीचं दुखणं साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, पण ते कुणाला आठवलं नाही. टपरीवर तोच हसरा फोटो लागला, हारासकट. त्यानंतर नाना बाजारात शिरले की वाटेत आपोआप जागा व्हायची. आयुष्यभर माणसांना चिकटून चाललेल्या माणसाभोवती ती मोकळी जागा मला बघवायची नाही. मी सुचवलं, काही दिवस लांबची लेन्स वापरा, कुणाला कळणारही नाही. ते माझ्यावर कधी नव्हे ते भडकले. "चोरून? यमच येतो चोरपावलांनी. मग लोक म्हणतात तेच खरं झालं!"

मग एक दिवस त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुझ्या बटणाने माझा काढ. जवळ ये. आणखी ये." त्यांचा तो फोटो मोठा करून त्यांनी दर्शनी काचेत लावला, बिनहाराचा. आणि रोज सकाळी त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काय भाऊ, शे ना मी?" लोक चोरून बघायचे, फोटोकडे आणि मग नानांकडे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, नाना होतेच. बाजार थोडा सैलावला. एका पोरसवदा हमालाने तर स्वतःहून फोटो काढून घेतला आणि नानांनी मला त्याची कॉपी दाखवायला कचेरीपर्यंत तंगडतोड केली. मला वाटलं, जिंकले.

उन्हाळ्यात, त्याच खुर्चीवर, त्याच फोटोखाली नाना बसल्या जागी गेले. वय झालं होतं, ऊन धुळ्याचं होतं. पण हे कुणाला सांगणार? घरच्यांनी काचेतला फोटो काढून त्यालाच हार घातला. तो मी काढलेला होता. तेराव्यानंतर मी बाजारात गेलो तेव्हा माझ्यापुढे वाट मोकळी झाली.

मी कॅमेरा कपाटात टाकला. भाजीला जातानाही मान खाली घालून जायचो. असाच एकदा गंगूअक्कापुढून चाललो होतो, तर तिने हाक मारली. पोरीचं लग्न झालेलं मला माहीत होतं, तिचे पेढे आमच्याही घरी आले होते.

"कॅमेरा कोठे शे तुना?" तिने विचारलं. "लगीन व्हई गयं. आते मना काढ. पोरेसले लागी ना मंग, हार घालाले."

मी काहीतरी पुटपुटलो. अक्का, नको, लोक काय म्हणतात तुला ठाऊक आहे, असलंच काही. तिने पारडं बाजूला ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"माले ठाऊक शे. म्हनीसनच सांगस. जाय, लई ये."

मी घरी जाऊन कॅमेरा आणला. मी जरा लांबच उभा राहिलो. अक्काने वांग्यांच्या ढिगामागून हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तठून नही. नानाना मायक, जोडे ईसन काढ."

मी एक पाऊल पुढे सरकलो.